समुद्रापासून अडीचशे किलोमीटरवर समुद्रफूल: नगरच्या घरात सी ॲनिमोन पाळता येतो का?

निळ्या प्रकाशात डोलणारं फुलासारखं काहीतरी आणि त्यात लपाछपी खेळणारा केशरी-पांढरा मासा. असं रील तुम्हीही पाहिलं असेल. खाली कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो, "हे घरी ठेवता येतं का?"

मुंबईत राहणाऱ्याला याचं उत्तर देणं थोडं सोपं आहे. पण तुम्ही अहिल्यानगर शहरात, संगमनेरला, श्रीरामपूरला किंवा पारनेरच्या एखाद्या गावात राहत असाल तर? समुद्र अडीचशे किलोमीटर लांब. नळाला पाणी रोज येईलच असं नाही. बोअरचं पाणी जड. मे महिन्यात पारा चाळीशीला, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली. आणि अधूनमधून वीज गायब.

तरीही उत्तर 'नाही' असं नाही. उत्तर 'हो, पण आधी पाणी' असं आहे. सी ॲनिमोन पाळणं म्हणजे प्राणी पाळण्याआधी पाणी पाळणं. हे पाणी कसं तयार करायचं, कसं टिकवायचं आणि कोणत्या वेळी स्वतःला 'आत्ता नको' म्हणायचं, ते समजून घेऊ.

सी ॲनिमोन म्हणजे नक्की काय?

मराठीत याला समुद्रफूल किंवा समुद्रपुष्प म्हणतात, पण ते फूल नाही आणि वनस्पतीही नाही. तो प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांचा नातेवाईक.

त्याला मेंदू नाही, हाडं नाहीत, डोळे नाहीत. खाली एक चिकट पाय असतो, त्याने तो खडकाला धरून बसतो. वर मधोमध तोंड आणि त्याभोवती शुंडकं, म्हणजे बोटांसारखे लवचिक अवयव. तोंड हीच एकमेव वाट. खाणं तिथूनच आत जातं आणि उरलेली घाणही तिथूनच बाहेर येते.

शुंडकांमध्ये अतिसूक्ष्म डंखपेशी असतात. लहान मासा किंवा कोळंबी घासली की त्या फुटतात आणि विष टोचतात. क्लाउनफिशच्या अंगावरच्या चिकट थरामुळे मात्र हा डंख चालू होत नाही. म्हणून तो आत बिनधास्त राहतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या ॲनिमोनच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला देतं. म्हणजे या प्राण्याला चांगला प्रकाश लागतो तो पोटासाठी.

ॲनिमोन बघायला नेहमी टँकच लागतो असंही नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी डबक्यांमध्ये ते दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर नेऊन हे जग दाखवतो आहे.

तो किती वर्षं जगतो?

इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी.

१८२८ मध्ये स्कॉटलंडचे निसर्ग अभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून एक लहानसा लाल ॲनिमोन उचलला आणि काचेच्या बरणीत ठेवला. १८५१ मध्ये डॅलियेल वारले. ॲनिमोन जिवंतच होता. मग तो एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे, असा वारशाने जात राहिला. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी म्हणू लागले. या आजीने बरणीत शेकडो पिल्लांना जन्म दिला आणि १८८७ मध्ये ती गेली. बरणीत ५९ वर्षं!

तेव्हा ना एलईडी दिवे होते, ना पंप, ना फिल्टर. मग ती जगली कशी? सांभाळणारे लोक तिचं समुद्राचं पाणी नियमितपणे बदलत राहिले. ती थंड समुद्रातली जात होती, तिला शैवालासाठी तीव्र प्रकाशही लागत नव्हता. त्यामुळे तिची पद्धत आज आपल्या उष्ण समुद्रातल्या ॲनिमोनला जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण मुद्दा तोच राहतो. पाणी नीट असेल तर हा प्राणी माणसाच्या हयातीएवढा टिकू शकतो.

उलट घरच्या टँकमध्ये आणलेले अनेक ॲनिमोन काही महिन्यांत मरतात. कारण बहुतेक वेळा पाण्यातच सापडतं.

पहिला हिशेब: पाण्याचा ताळेबंद

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर ओळखलं जातं. पाऊस किती झाला, पाणी किती साठलं, म्हणजे पीक कोणतं घ्यायचं, हे तिथे आधी मांडलं जातं. टँक घेण्याआधी घरातही असाच ताळेबंद मांडायला हवा.

समजा, २०० लिटरचा टँक आहे. ॲनिमोनसाठी साधारण १५० लिटरपेक्षा लहान टँक घेऊ नये, कारण थोड्या पाण्यात खारटपणा आणि तापमान झटकन बदलतं.

* दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे २० लिटर.
* रोज ३ लिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर आठवड्याला २१ लिटर.
* एकूण ४१ लिटर शुद्ध पाणी, दर आठवड्याला.

हे पाणी नळाचं किंवा बोअरचं चालत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, शिवाय नायट्रेट असू शकतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणून आरओचं, आणि शक्यतो त्यापुढे डीआय फिल्टर लावलेलं पाणी घ्यावं लागतं. टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ हवा. घरातला पिण्याचा आरओ बहुतेकदा पाण्यात मुद्दाम थोडे क्षार ठेवतो, त्यामुळे त्यावर डोळे झाकून विसंबू नका. आधी मोजा.

आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. म्हणजे ४१ लिटरसाठी १२० ते १६० लिटर पाणी खर्च होतं. महिन्याला सुमारे ५०० ते ७०० लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, म्हणजे महिन्याला १,६५० लिटर. थोडक्यात, तुमचा टँक एका माणसाच्या वाट्याच्या साधारण एक तृतीयांश पाणी पितो.

आरओचं टाकाऊ पाणी भांडी, फरशी, शौचालय यांसाठी वापरता येतं, म्हणजे ते वाया जाईलच असं नाही. पण तुमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर हा हिशेब घरच्यांसमोर मांडूनच निर्णय घ्या.

मीठ: स्वयंपाकघरातलं चालेल का?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून कारणही समजून घेऊ.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सुमारे ३० ग्रॅम सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. उरलेल्या पाच ग्रॅममध्ये सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे घटक येतात. ॲनिमोनचं आणि टँकमधल्या जिवाणूंचं सगळं या पाच ग्रॅमवरही अवलंबून असतं. स्वयंपाकाच्या मिठात हे घटक नसतात, वर आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात.

त्यामुळे मत्स्यालयासाठी मिळणारं खास समुद्री मीठच वापरायचं. २०० लिटरला साधारण सात ते साडेसात किलो लागतं. ते शुद्ध पाण्यात घालून, पंपाने ढवळून, शक्यतो एक दिवस आधी तयार ठेवायचं. टँकमध्ये थेट मीठ कधीही टाकायचं नाही.

"मग मुंबईहून समुद्राचं पाणीच कॅनमध्ये आणलं तर?" किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेलं असू शकतं. पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यामुळे त्याचा खारटपणाही घसरतो. घरी तयार केलेलं पाणी जास्त भरवशाचं.

वाफ होते ती पाण्याची, मिठाची नाही

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. टँकमधलं पाणी कमी झालं की ते खारं पाणी घालतात.

गणित बघा. २०० लिटरमध्ये ३५ ग्रॅमच्या हिशेबाने सात किलो क्षार आहेत. उन्हाळ्यात रोज चार लिटर पाणी उडालं आणि तुम्ही तीन दिवस लक्ष दिलं नाही, तर पाणी उरतं १८८ लिटर. क्षार तेवढेच. खारटपणा ३५ वरून ३७ च्या पुढे गेला. त्यात पुन्हा खारं पाणी घातलंत, तर तो ३५ वर परत येत नाही, आणि असं वारंवार केलंत तर वाढत जातो.

म्हणून वाफेने गेलेलं पाणी भरताना फक्त गोडं, शुद्ध आरओ पाणी. रोज, ठरलेल्या वेळी, थोडं थोडं. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवा. जमत असेल तर ऑटो टॉप-अप बसवा. आपल्या कोरड्या हवेत ही चैन नाही, गरज आहे.

उन्हाळा, हिवाळा आणि वीज

ॲनिमोनला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. दिवसभरात ते एका अंशापेक्षा जास्त हलू नये असा प्रयत्न करा.

उन्हाळ्यात आपल्याकडे एक फायदा आहे. हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी थंड होतं, अगदी माठातल्यासारखं. दमट मुंबईत ही युक्ती एवढी चालत नाही. मात्र पंखा लावला की वाफ वाढते, म्हणजे टॉप-अपही वाढतो. आणि पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर खोलीच ३८ अंशांवर गेली, तर पंखा पुरणार नाही. तिथे चिलर लागेल. चिलरचा खर्च झेपणार नसेल, तर टँक घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा. तेही शक्य नसेल तर ॲनिमोन नको.

हिवाळ्यात उलटं. त्या थंडीसाठी थर्मोस्टॅट असलेला हीटर हवा, २०० लिटरला साधारण २०० वॅटचा. हीटरभोवती जाळी लावा, कारण ॲनिमोन चालत जाऊन त्यालाच चिकटू शकतो.

विजेचा खर्चही मांडून ठेवा. पंप, पॉवरहेड आणि प्रोटीन स्किमर मिळून ६५ वॅट धरले आणि ते २४ तास चालले, तर रोज सुमारे दीड युनिट. १०० वॅटचे दिवे नऊ तास, म्हणजे आणखी ०.९ युनिट. महिन्याला ७० ते ७५ युनिट, हीटर आणि चिलर सोडून. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढचा, महाग टप्पा लागतो, हे लक्षात असू द्या.

वीज गेली तर पहिला फटका ऑक्सिजनला बसतो. पाणी हलत नाही, मासे आणि फिल्टरमधले जिवाणू गुदमरू लागतात. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप कायम तयार ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवे नकोत, फक्त एक पॉवरहेड लावा. ॲनिमोन काही तास अंधारात राहू शकतो, साचलेल्या पाण्यात नाही.

टँक तयार झाला हे कसं ओळखायचं?

नवा टँक भरला आणि दुसऱ्या दिवशी ॲनिमोन सोडला, असं कधीही करू नका.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून विषारी अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं कमी घातक नायट्रेट. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पण ॲनिमोनसाठी तेवढंही पुरेसं नाही. टँक किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर स्थिर चाललेला असावा. आपल्याकडे तर एक उन्हाळा आणि एक हिवाळा टँकने पार केला, की मगच विचार करा. तीच खरी परीक्षा.

तोवर हे आकडे स्थिर ठेवायचा सराव करा.

* विशिष्ट घनता: १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजार भागात साधारण ३५ भाग क्षार. रिफ्रॅक्टोमीटरने मोजा.
* पीएच: ८.१ ते ८.४.
* अमोनिया आणि नायट्राइट: शून्य.
* नायट्रेट: शक्यतो १० पीपीएमच्या आसपास किंवा त्याहून कमी.

आकडा अगदी नेमका असण्यापेक्षा तो रोज तसाच राहणं जास्त महत्त्वाचं. वहीत किंवा फोनवर नोंद ठेवा.

कोणता ॲनिमोन निवडायचा?

सुरुवातीला एकच नाव लक्षात ठेवा, बबल टिप. याच्या शुंडकांची टोकं फुग्यासारखी फुगतात. क्लाउनफिश आसरा घेतात अशा जातींमध्ये हा त्यातल्या त्यात सोसणारा आहे. तो दोन भागांत विभागून वाढतोही, त्यामुळे दुसऱ्या टँकमध्ये वाढलेलं पिल्लू मिळू शकतं. असं पिल्लू मिळालं तर तेच घ्या.

कार्पेट ॲनिमोन आणि 'मॅग्निफिशंट' नावाने विकला जाणारा मोठा ॲनिमोन नवख्यांनी टाळावा. ते खूप मोठे होतात, जास्त प्रकाश मागतात आणि कार्पेट तर मासेही खातो.

दुकानात बघताना:

* तोंड घट्ट मिटलेलं हवं. सैल, उघडं तोंड ही धोक्याची खूण.
* पाय फाटलेला नको. शक्यतो कशाला तरी चिकटलेला असावा.
* शुंडकं चिकट असावीत, खाणं दिलं तर पकडावं.
* रंग तपकिरी, हिरवट, लालसर चालेल. पूर्ण पांढरा असेल तर आतलं शैवाल गेलं आहे, तो उपाशी आहे.
* भडक पिवळा किंवा गुलाबी, एकसारखा रंग असेल तर सावध व्हा. काही ॲनिमोन कृत्रिम रंगात बुडवून विकले जातात.

मुंबईहून माळशेज घाटातून किंवा पुणेमार्गे आणताना पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, एसी नसलेल्या गाडीच्या डिकीत नाही. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच आणा.

घरी आणल्यावर पहिला दिवस

पिशवी आधी टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवा. मग ॲनिमोन पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या आणि बारीक नळीने टँकचं पाणी थेंब थेंब सोडा. हे काम किमान तासभर चालू द्या. शेवटी फक्त ॲनिमोन टँकमध्ये ठेवा, पिशवीतलं पाणी फेकून द्या.

दिवे मंद ठेवा आणि पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. खडकाच्या कपारीजवळ त्याला ठेवा आणि हात काढून घ्या. जागा तो स्वतः निवडतो. प्रकाश किंवा प्रवाह आवडला नाही तर रात्रीतून चालत दुसरीकडे जातो. त्याला ओढून पुन्हा 'चांगल्या' जागी बसवू नका. पाय फाटला तर जखम चिघळते.

चालणाऱ्या ॲनिमोनचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पॉवरहेड. तो त्यात ओढला गेला तर त्याचे तुकडे होतात आणि अख्ख्या टँकचं पाणी बिघडतं. म्हणून ॲनिमोन आणण्याआधीच प्रत्येक पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावा.

खायला काय द्यायचं?

प्रकाश चांगला असेल तर आठवड्यातून एक-दोनदा पुरेसं. ताजी किंवा फ्रोझन, बिनमिठाची कोळंबी किंवा समुद्री मासळीचा तुकडा, त्याच्या तोंडापेक्षा लहान. सुकट, सोडे, खारवलेले मासे नको. धरणातल्या गोड्या पाण्यातल्या माशांपेक्षा समुद्री मासळी बरी.

मोठा तुकडा दिला तर तो एक-दोन दिवसांनी अर्धवट पचलेला बाहेर टाकेल आणि पाणी खराब होईल. प्रेम दाखवायचं असेल तर जास्त खाऊ घालू नका, वेळेवर पाणी बदला.

तब्येत कशी ओळखायची?

* कधीतरी आकसून लहान होणं: नेहमीचंच. तो आतलं पाणी आणि घाण बाहेर टाकतो. काही तासांत पुन्हा फुलतो.
* रोज आकसणं, सतत चालत राहणं: प्रकाश, प्रवाह किंवा खारटपणा बिघडला आहे. आधी पाणी मोजा.
* पांढरं पडणं: शैवाल जातंय. प्रकाश आणि तापमान तपासा, लहान घास द्या. सुधारायला महिने लागू शकतात.
* तोंड उघडं, शरीर विरघळल्यासारखं, कुजकट वास: तो मेला आहे. लगेच बाहेर काढा आणि मोठं वॉटर चेंज करा. उशीर झाला तर अमोनिया वाढून मासेही जातील.

औषधांबाबत एक नियम पाठ करा. तांबं असलेलं औषध ॲनिमोनच्या टँकमध्ये कधीही नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर अशी औषधं दिली जातात, पण ॲनिमोनसाठी ती विष आहेत. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवून उपचार करा.

आणि टँकमध्ये आपोआप उगवलेले छोटे, पारदर्शक तपकिरी ॲनिमोन दिसले तर खूश होऊ नका. ती बहुधा एप्टेशिया असते, या छंदातलं गाजरगवत. ती खरवडू किंवा कापू नका. एका तुकड्यातून अनेक उगवतात. पेपरमिंट कोळंबी ती खाते.

कायदा काय सांगतो?

प्रवाळांना भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा ठरू शकतो, मग ते प्रवाळ मेलेलं का असेना. समुद्रघोडेही संरक्षित आहेत.

ॲनिमोन घेताना याचा संबंध असा येतो, की तो ज्या खडकाला चिकटून येतो तो खडक प्रवाळाचा तुकडा असू शकतो. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकलं जाणारंही प्रवाळ असू शकतं. म्हणून टँकसाठी कारखान्यात तयार केलेले सिरॅमिकचे किंवा कृत्रिम खडक वापरा आणि पक्कं बिल घ्या. मालवणला फिरायला गेल्यावर स्वतःच खडकावरून काही उचलून आणू नका. तिथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

मुद्दा फक्त कायद्याचा नाही. फिलिपिन्समधील सेबू बेटाजवळ २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथून मत्स्यालयांसाठी पकड होते तिथे ॲनिमोन आणि त्यांच्यासोबतचे क्लाउनफिश दोन्ही कमी आढळले. एक ॲनिमोन उचलला की एका कुटुंबाचं घर जातं.

तुमच्या आणि घरच्यांच्या सुरक्षेसाठी

टँकमध्ये हात घालताना हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. खडक उकळून स्वच्छ करायचा प्रयत्न कधीही करू नका. खडकावर वाढणाऱ्या काही जीवांमध्ये तीव्र विष असतं आणि वाफेतून ते शरीरात जाऊ शकतं. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून टँकच्या जोडणीला आरसीसीबी हवा आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यायला हवी, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही.

बदललेलं खारं पाणी झाडांना किंवा शेतात ओतू नका. २० लिटरमध्ये ७०० ग्रॅम क्षार असतात. राहुरी-श्रीरामपूरच्या बागायती पट्ट्याला क्षारपड जमीन म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. हे पाणी सांडपाण्याच्या गटारातच सोडा.

मग पाळावा की नको?

'फाइंडिंग निमो' २००३ मध्ये आला आणि क्लाउनफिश म्हटलं की ॲनिमोन हवाच, असं समीकरण तयार झालं. समुद्रात ते खरं आहे, कारण तिथे क्लाउनफिशला शिकाऱ्यांपासून वाचायचं असतं. टँकमध्ये शिकारी नसतात. तिथे क्लाउनफिश ॲनिमोनशिवाय उत्तम जगतात आणि अंडीही घालतात.

शिवाय क्लाउनफिश समुद्रातून पकडलेलाच घ्यावा लागत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. त्यामुळे विकत घेताना "हॅचरीतला आहे का?" हे नक्की विचारा.

तेव्हा नगरकरांसाठी साधा क्रम असा. पहिलं वर्ष फक्त खाऱ्या पाण्याचा टँक आणि हॅचरीतल्या क्लाउनफिशची जोडी. रोज टॉप-अप, दर आठवड्याला वॉटर चेंज, सगळ्या नोंदी. मे महिना आणि डिसेंबर दोन्ही नीट पार पडले, पाण्याचा आणि विजेचा ताळेबंद घरात मान्य झाला, तर दुसऱ्या वर्षी एक बबल टिप.

आणि मे महिन्यातच दम लागला तर? जोडी आहे, टँक आहे, छंद चालू आहे. ॲनिमोन समुद्रातच राहिला, एवढंच. पुढच्या सुट्टीत ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर जा. तिथे तो फुकट बघायला मिळतो.